केमिस्ट्रीतून बायोकेमिस्ट्रीत: पहिल्या सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स आणि चुकणारे आकडे

नीलमोहोर
बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला आलेल्यांसाठी हा धागा काढते आहे. पहिल्या सेमिस्टरला बहुतेक ठिकाणी साधारण हेच प्रयोग असतात: फॉस्फेट बफर, लाउरी पद्धतीने प्रोटीन एस्टिमेशन, लाळेतल्या अमायलेजची अ‍ॅक्टिव्हिटी, यीस्टच्या इन्व्हर्टेजचा (सुक्रोज तोडणाऱ्या एन्झाइमचा) केएम, म्हणजे ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती संहती, अमोनियम सल्फेटने प्रोटीन वेगळं काढणं. मॅन्युअलमध्ये पायऱ्या असतात, पण आकडा चुकला तर शोध कुठून सुरू करायचा ते लिहिलेलं नसतं. जाणकारांनी तेवढं सांगावं.

माझे प्रश्न असे:
फॉस्फेटचा पीकेए (ज्या पीएचला आम्ल निम्मं प्रोटॉन सोडलेलं असतं तो आकडा) ७.२ धरून हेंडरसन-हॅसलबाल्खच्या बफर समीकरणाने पीएच ७.० साठी वजनं काढली, तर मीटर ६.६ दाखवतो. मीटर तपासलेला आहे. मग फरक कुठून येतो?
लाउरीच्या आलेखात वरचे दोन बिंदू नेहमी रेषेखाली का जातात?
एकाच एन्झाइमचा केएम एका बॅचच्या चार गटांत दुपटीने वेगळा का येतो?
आणि मेटाबॉलिझमच्या एवढ्या पायऱ्या केमिस्ट्रीवाल्याने कशा धरायच्या?

गारगोटी
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमचं गणित बरोबर आहे, पण त्यात घातलेला पीकेए या द्रावणाचा नाही. तक्त्यातला ७.२ हा अतिशय पातळ द्रावणासाठी असतो. ०.१ मोलर फॉस्फेटमध्ये आयन दाटीने असतात, आणि दोन ऋणभारांचा हायड्रोजन फॉस्फेट आयन त्या दाटीत एका भाराच्या डायहायड्रोजन फॉस्फेटपेक्षा जास्त स्थिर होतो. म्हणून आम्ल प्रोटॉन जास्त सहज सोडतं आणि प्रत्यक्षातला पीकेए ६.८ च्या आसपास येतो.

आता ०.१ मोलर, पीएच ७.०, १ लीटर बफरचं गणित पुन्हा करा. ७.० वजा ६.८ म्हणजे ०.२, आणि १० चा ०.२ घात म्हणजे १.५८. डायसोडियम ०.०६१३ मोल आणि मोनोसोडियम ०.०३८७ मोल. ७.२ धरलं की हेच दोन आकडे नेमके उलटे होतात आणि पीएच ६.६ येतो. तुमच्या मीटरने बरोबर तेच सांगितलं.

दुसरी तितकीच मोठी चूक बाटलीच्या लेबलवर असते. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट तीन रूपांत मिळतं: निर्जल (रेणुभार १४१.९६), दोन पाण्याचं (१७७.९९) आणि बारा पाण्याचं (३५८.१४). ०.०६१३ मोलसाठी अनुक्रमे ८.७० ग्रॅम, १०.९१ ग्रॅम आणि २१.९५ ग्रॅम लागतात. बारा पाण्याच्या बाटलीतून ८.७० ग्रॅम घेतले तर पीएच घसरतोच, शिवाय एकूण फॉस्फेट ०.१ ऐवजी ०.०६३ मोलर राहतं. मीटरवर पीएच सोडियम हायड्रॉक्साइड टाकून जुळवता येतो, पण कमी पडलेलं फॉस्फेट तसंच कमी राहतं आणि ते कुठेच दिसत नाही. बारा पाण्याचे स्फटिक कोरड्या हवेत पाणी सोडतात, त्यामुळे जुन्या उघड्या बाटलीतलं वजन तर आणखी बेभरवशाचं. शक्य असेल तिथे निर्जल किंवा दोन पाण्याचं वापरा. मोनोसोडियम बहुधा दोन पाण्याचं असतं (१५६.०१), वरच्या बफरला ६.०४ ग्रॅम.

रोजच्या कामाला सोपी रीत म्हणजे ०.२ मोलरचे दोन स्टॉक. मोनोसोडियम दोन पाण्याचं ३१.२ ग्रॅम प्रति लीटर, डायसोडियम निर्जल २८.४ ग्रॅम प्रति लीटर. पीएच ७.० साठी ३९ मिली मोनो आणि ६१ मिली डाय घेऊन २०० मिलीपर्यंत पाणी. पीएच ७.४ साठी १९ आणि ८१. याने ०.१ मोलर बफर मिळतं. डायसोडियमचा ०.२ मोलर स्टॉक फ्रिजमध्ये ठेवला तर तळाला स्फटिक बसतात, कारण थंडीत त्याची विद्राव्यता फार कमी होते. वरचं स्वच्छ पाणी ओतून घेतलं तर बफर चुकलं. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळं विरघळल्यावरच माप घ्या.

नीलमोहोर
सविस्तर उत्तराबद्दल आभार. म्हणजे पातळ केल्यावरही पीएच बदलणार? आणि ट्रिस या दुसऱ्या नेहमीच्या बफरला हाच नियम लागतो का?

गारगोटी
हो, बदलतो. फॉस्फेट पातळ केलं की आयनांची दाटी कमी होते, पीकेए वर सरकतो आणि पीएचही. म्हणूनच दसपट पीबीएस (फॉस्फेट बफर आणि मीठ) स्टॉकचा पीएच साधारण ६.८ असतो आणि दहापट पातळ केल्यावर तो ७.४ च्या जवळ जातो. दसपट स्टॉकच ७.४ ला जुळवून ठेवायचा नाही.

ट्रिसची अडचण वेगळी आहे. पातळ केल्याने तो फारसा हलत नाही, पण तापमानाने हलतो: प्रत्येक अंशाला सुमारे ०.०२८ ने उलट्या दिशेला. २५ अंशांवर ८.० ला लावलेला ट्रिस ४ अंशांवर ८.६ होतो आणि ३७ अंशांवर ७.७. एन्झाइम बर्फात काढायचं असेल तर बफरचा पीएच थंड असतानाच लावा. ०.१ मोलरच्या १ लीटरला ट्रिस बेस १२.११ ग्रॅम, ८०० मिली पाण्यात विरघळवून १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ५५ ते ६० मिली जातं, मग मार्कपर्यंत पाणी. सांद्र आम्ल वापरलं तर द्रावण गरम होतं. ते गार न होऊ देता पीएच बघितला, की दुसऱ्या दिवशी बफर ०.२ ने वर गेलेलं असतं.

मीटरबद्दल थोडं: आधी ७ चं बफर, मग ज्या बाजूला काम करायचं त्या बाजूचं, ४ किंवा ९.२. इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवलेला इलेक्ट्रोड संथ होत जातो आणि रीडिंग स्थिर व्हायला वेळ लावतो.

प्रवाळ
लाउरीकडे येते. ही पद्धत १९५१ ची आणि अजून सगळीकडे शिकवली जाते, पण ती शिस्त मागते.

द्रावणं: ‘अ’ म्हणजे ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये २ टक्के सोडियम कार्बोनेट. ‘ब’ म्हणजे १ टक्का सोडियम पोटॅशियम टार्ट्रेटमध्ये ०.५ टक्के कॉपर सल्फेट. ‘क’ म्हणजे ५० भाग अ आणि १ भाग ब, त्याच दिवशी मिसळलेलं. टार्ट्रेट कॉपरला धरून ठेवतो. तो विसरला तर अल्कलीत निळसर गढूळपणा येतो, कॉपर खाली बसतं आणि रंग भरत नाही. फोलिन (निळा रंग देणारं फोलिन-सिओकाल्टू द्रावण) बाजारात २ नॉर्मल मिळतं, ते वापरायच्या थोडं आधी तितक्याच पाण्याने १ नॉर्मल करायचं.

बीएसएचं (स्टँडर्ड म्हणून वापरायचं गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली द्रावण ०.२, ०.४, ०.६, ०.८, १.० मिली घ्या, सगळ्या नळ्या पाण्याने १ मिली करा. ५ मिली ‘क’, १० मिनिटं थांबा. मग ०.५ मिली फोलिन, ३० मिनिटं अंधारात, ६६० नॅनोमीटरला रीडिंग.

खरी मेख फोलिन घालण्यात आहे. फोलिन आम्लात टिकतं, आणि अभिक्रिया तर पीएच १० ला होते. अल्कलीत पडल्याबरोबर ते मोडू लागतं. म्हणजे थेंब पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत ते सगळ्या नळीत पसरलं नाही, तर त्यातलं बरंचसं प्रोटीनपर्यंत पोचण्याआधीच वाया जातं. सगळ्या नळ्यांत आधी फोलिन घालून मग एकेक हलवणं ही ठरलेली चूक. एक नळी घ्या, फोलिन घाला, त्याच क्षणी व्हॉर्टेक्स करा, घड्याळात ३० सेकंद जाऊ द्या, पुढची नळी. रीडिंगही त्याच क्रमाने आणि त्याच अंतराने. फोलिन पिवळं असलं पाहिजे. हिरवट झालं असेल तर ते आधीच क्षपण पावलेलं आहे, ब्लँक (प्रोटीन नसलेली नळी) चढा येतो, बाटली बदला.

वरचे बिंदू खाली जातात ते पद्धतीच्या स्वभावामुळे. लाउरीची रेषा मुळात पूर्ण सरळ नाही, जास्त प्रोटीनला ती वाकते. अनोळखी नमुना स्टँडर्डच्या मधल्या भागात येईल इतका पातळ करा आणि वाकलेल्या टोकावरून उत्तर वाचू नका. सगळे बिंदू जबरदस्तीने शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेत बसवले तर खालचे आणि मधले सगळेच आकडे बिघडतात.

आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘नळीतले मायक्रोग्रॅम’ लिहा, ‘मायक्रोग्रॅम प्रति मिली’ नको. मग हिशेब सरळ होतो: २० पट पातळ केलेला नमुना ०.५ मिली घेतला आणि आलेखावर ८० मायक्रोग्रॅम आले, तर ८० भागिले ०.५ म्हणजे १६०, गुणिले २० म्हणजे ३२०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३.२ मिलीग्रॅम प्रति मिली.

बीएसए विरघळवताना हलवू नका, फेस होतो आणि फेसात प्रोटीन अडकतं. पाण्यावर भुरभुरून तसंच ठेवा, आपोआप खाली उतरतं. १ मिलीग्रॅम प्रति मिली द्रावणाचं २८० नॅनोमीटरला रीडिंग ०.६६ च्या जवळ आलं की स्टँडर्ड विश्वासाचं.

शेवंती
प्रवाळताईंच्या लिहिण्यात एक भर. नमुना कुठला आहे त्यावर लाउरी चालणार की नाही हे ठरतं. फोलिन फिनॉलशी रंग देतं, प्रोटीनमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचा रंगही त्यातूनच येतो. म्हणून बटाटा, पालक, चहाची पानं असल्या अर्कात लाउरी लावली तर वनस्पतीतली पॉलिफिनॉल्ससुद्धा प्रोटीन म्हणून मोजली जातात. अशा वेळी अर्काला अंतिम १० टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल घालून बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, अवक्षेप थंड अ‍ॅसिटोनने धुवा आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून मग मोजा. ट्रिस, ईडीटीए, मरकॅप्टोइथेनॉल, डीटीटी, अमोनियम सल्फेट हे सगळेही लाउरीत लुडबुड करतात. बफरचा ब्लँक ठेवणं आवश्यक, पण मरकॅप्टोइथेनॉलसारखा क्षपणक असेल तर नुसत्या ब्लँकने भागत नाही, ब्लँकच गडद निळा होतो.

अशा ठिकाणी ब्रॅडफर्ड (१९७६) बरी. कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० १०० मिलीग्रॅम, ९५ टक्के इथेनॉल ५० मिलीमध्ये. त्यात ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल १०० मिली. पाण्याने १ लीटर. व्हॉटमन नंबर १ मधून गाळा. रीडिंग ५९५ ला. जेल रंगवायची आर-२५० ची बाटली शेजारीच असते, ती उचलू नका. ब्रॅडफर्डला एसडीएस आणि ट्रायटन ही डिटर्जंट चालत नाहीत. क्वार्ट्झचे क्युव्हेट यात वापरू नयेत, रंग काचेला धरतो.

अंड्याच्या पांढऱ्याचं प्रोटीन मोजायचं असेल तर आधी अंदाज घ्या: त्यात सुमारे १० टक्के प्रोटीन, म्हणजे १०० मिलीग्रॅम प्रति मिली. ५०० पट पातळ केल्याशिवाय ते स्टँडर्डच्या पट्ट्यात येणार नाही. एका दमात नको. १ मिलीचे ५० करा, त्यातल्या १ मिलीचे १० करा. आणि साधं पाणी वापरू नका, ग्लोब्युलिन गढूळ होऊन बाहेर पडतं, ०.९ टक्के सोडियम क्लोराइड वापरा.

कोयनाकाठ
अमायलेजवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण याच्या गणितात जातात.

डीएनएस, म्हणजे सुटलेली क्षपणक साखर मोजायचं रंगद्रावण: १ ग्रॅम डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या २० मिलीत, त्यात थोड्या पाण्यात विरघळवलेलं ३० ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट, १०० मिलीपर्यंत पाणी. तपकिरी बाटली. स्टार्च १ टक्का, ०.०२ मोलर फॉस्फेट पीएच ६.९ मध्ये, आणि त्यात ६.७ मिलीमोलर सोडियम क्लोराइड. मीठ विसरू नका, लाळेच्या अमायलेजला क्लोराइड लागतं. डायलिसिस केलेल्या एन्झाइमला ते घातलं नाही तर अ‍ॅक्टिव्हिटी पार खाली येते. स्टार्च आधी थंड पाण्यात कालवून ती पेज उकळत्या बफरमध्ये ओता. कोरडी पूड उकळत्यात टाकली की गुठळ्या होतात आणि प्रत्येक पिपेटला वेगळा स्टार्च येतो.

०.५ मिली स्टार्च, ०.५ मिली १०० पट पातळ केलेली लाळ, ३७ अंश, १० मिनिटं. १ मिली डीएनएसने थांबवा, ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, पूर्ण गार करा, १० मिली पाणी, ५४० ला रीडिंग. कंट्रोलच्या नळीत आधी डीएनएस आणि मग एन्झाइम. नुसतं पाणी-डीएनएस हा ब्लँक पुरेसा नाही, कारण स्टार्चच्या टोकाचे क्षपणक गट आणि लाळेतलं जे काही असेल ते कंट्रोलच वजा करू शकतो.

समजा कंट्रोल वजा जाता ०.६ मिलीग्रॅम माल्टोज आलं. ६०० मायक्रोग्रॅम भागिले ३४२.३ म्हणजे १.७५ मायक्रोमोल. १० मिनिटांनी भागा: ०.१७५. हे ०.५ मिलीतलं, म्हणून १ मिलीला ०.३५. पातळ केलेलं १०० पट, म्हणून मूळ लाळेत ३५ युनिट प्रति मिली. मिलीग्रॅमचे मायक्रोमोल, वेळ, घेतलेलं माप, पातळीकरण हे चार टप्पे याच क्रमाने वेगवेगळ्या ओळींत लिहा. एकाच लांब सूत्रात कोंबले की एक निसटतो. स्टँडर्डच्या बाटलीवर ‘मोनोहायड्रेट’ असेल तर रेणुभार ३६०.३ धरायचा.

डीएनएसची रेषा शून्यातून जात नाही याने घाबरू नका. फार कमी साखरेला रंग कमीच येतो, कारण द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन थोडी साखर खाऊन टाकतो. ०.२ मिलीग्रॅमच्या खालचं वाचन टाळा.

सह्यवारा
डीएनएस हाताशी असताना लाळ २० पट, ५० पट, १०० पट, २०० पट पातळ करून चारही नळ्या एकदम लावाव्यात. शेवटची युनिटं चौघांत सारखी आली तरच पट्टा बरोबर. २० पटीत कमी आली तर १० मिनिटांत स्टार्च संपत आलेला असतो.

प्रवाळ
केएमकडे. १९१३ मध्ये मिखाएलिस आणि मेंटेन यांनी आपलं समीकरण इन्व्हर्टेजवरच मांडलं, त्यामुळे हा प्रयोग मन लावून करण्यासारखा आहे.

चार गटांत दुपटीचा फरक आला की माझा पहिला प्रश्न: सुक्रोजची संहती कुठली लिहिली? स्टॉकची की नळीतली? ०.५ मिली सुक्रोज, ०.५ मिली एन्झाइम आणि बफर, म्हणजे नळीत संहती निम्मी. ज्या गटाने आडव्या अक्षावर स्टॉकचे आकडे टाकले त्याचा केएम नेमका दुप्पट येणार. दुपटीचा, चौपटीचा असा स्वच्छ पटीतला फरक म्हणजे जवळजवळ खात्रीने हीच गोष्ट.

याउलट, सुक्रोजच्या एका रेणूपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन क्षपणक रेणू होतात, म्हणून डीएनएसच्या आकड्याला दोनने भागायचं असतं. ते विसरलं तर व्हीमॅक्स (कमाल वेग) दुप्पट येतो, केएम मात्र तसाच राहतो, कारण सगळे वेग एकाच पटीत वाढले. एन्झाइमचं पातळीकरण चुकलं तरी केएम हलत नाही. कोणती चूक कोणत्या आकड्याला लागते हे व्हायव्हात विचारतात आणि विचारायलाच हवं.

पट्टा: यीस्ट इन्व्हर्टेजचा केएम २५ ते ३० मिलीमोलरच्या आसपास येतो, तर नळीतलं सुक्रोज ५, १०, २०, ४०, ८०, १५० मिलीमोलर ठेवा. अ‍ॅसिटेट बफर, पीएच ४.७. सगळे बिंदू केएमच्या वरचे असतील तर फक्त व्हीमॅक्स कळतो, सगळे फार खाली असतील तर फक्त दोघांचं गुणोत्तर. १५० च्या फार वर जाऊ नका, जास्त सुक्रोजला वेग उलट घसरतो.

एन्झाइम किती पातळ? सर्वांत कमी सुक्रोजची नळी पाहून ठरवा. १ मिलीत ५ मिलीमोलर म्हणजे ५ मायक्रोमोल. त्यातलं १० टक्क्यांहून जास्त संपू नये, म्हणजे ०.५ मायक्रोमोल सुक्रोज, म्हणजे १ मायक्रोमोल क्षपणक साखर, म्हणजे सुमारे १८० मायक्रोग्रॅम. हे डीएनएसच्या खालच्या सीमेवर आहे. १५० मिलीमोलरच्या नळीत वेग पाचपट, म्हणजे ०.९ मिलीग्रॅम, ते वरच्या सीमेत बसतं. एवढी जागा मोजकीच आहे. म्हणून आधी एक वेळेचा प्रयोग करा: ५ मिलीमोलरची नळी ०, २, ४, ६, ८, १० मिनिटांना थांबवा. रेषा सरळ असेल तेवढाच वेळ वापरा.

शेवंती
यात आलेखाचाही वाटा आहे. लाइनवीव्हर-बर्कमध्ये (१९३४) खालचे बिंदू सगळी रेषा ओढून नेतात. व्हीमॅक्स १, केएम २५ धरा. ५ मिलीमोलरला वेग ०.१६७, उलटा ६.०. रीडिंगमध्ये ०.०२ कमी आलं तर उलटा ६.८२. तीच ०.०२ ची चूक १०० मिलीमोलरला: वेग ०.८०, उलटा १.२५ चा १.२८. एकाच चुकीचं वजन एका टोकाला ०.८२ आणि दुसऱ्या टोकाला ०.०३. शिवाय सर्वांत कमी भरवशाचा बिंदूच रेषेच्या सर्वांत दूरच्या टोकावर बसतो. माझ्या मते जर्नलमध्ये या आलेखावरून केएम काढायला लावणं बंद व्हायला हवं.

गारगोटी
बंद नको. इन्हिबिशनचा (एन्झाइम रोखलं जाण्याचा) प्रकार एका नजरेत ओळखायला तो आलेख उपयोगी आहे, आणि परीक्षेत येतो. केएमचा आकडा मात्र सरळ समीकरणाला बसवून काढावा, इथे तुमच्याशी सहमत. एक्सेलमध्ये एका रकान्यात सुक्रोज, दुसऱ्यात मोजलेला वेग, तिसऱ्यात समीकरणाचा वेग, चौथ्यात फरकाचा वर्ग. व्हीमॅक्स आणि केएम दोन वेगळ्या चौकटींत ठेवा, लाइनवीव्हर-बर्कवरून आलेले आकडे सुरुवातीला भरा, सॉल्व्हरला वर्गांची बेरीज किमान करायला सांगा. मग मोजलेला आणि समीकरणाचा वेग यांतला फरक सुक्रोजसमोर मांडून पाहा. फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर ठीक. शेवटचे दोन बिंदू ठरावीकपणे खाली असतील तर सुक्रोज जास्त झालं.

नीलमोहोर
स्टॉक आणि नळी! हा मुद्दा सोन्यासारखा आहे. आणखी एक: अ‍ॅसिड फॉस्फेटेजमध्ये पॅरानायट्रोफिनाइल फॉस्फेट घालून पीएच ५ ला अर्धा तास ठेवलं तरी पिवळा रंग दिसत नाही. एन्झाइम मेलं असं समजायचं का?

कोयनाकाठ
नाही. नायट्रोफिनॉलचा पीकेए ७.१५, आणि पिवळा फक्त त्याचा आयन. पीएच ५ ला शेकडा एक रेणूही आयन रूपात नसतो. अभिक्रिया चालू असते, रंग लपलेला असतो. १ मिली मिश्रणाला ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड २ मिली घाला. एन्झाइम थांबतं आणि रंग लगेच उमटतो. ४०५ नॅनोमीटरला मोलर शोषण गुणांक सुमारे १८,०००. रीडिंग ०.३६ आलं तर ०.०२ मिलीमोलर, ३ मिलीत ०.०६ मायक्रोमोल. इथे ३ ने गुणायचं, १ ने नाही. ब्लँकमध्येही सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं, आणि एन्झाइम त्याच्यानंतर.

सह्यवारा
चौथ्या प्रश्नावर. केमिस्ट्रीची पार्श्वभूमी इथे मोठी जमेची बाजू आहे. कमला सोहोनी यांनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवरसायनाकडे वळल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वरच्या कामावर. वाट जुनी आणि चांगली आहे.

मेटाबॉलिझम नावांच्या यादीने पाठ करू नका, अभिक्रियेच्या प्रकाराने लावा. ग्लायकोलिसिसमधलं अल्डोलेज म्हणजे उलटी अल्डॉल. म्हणूनच त्याआधी ग्लुकोजचं फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करावं लागतं, कारण कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर आला तरच तिसऱ्या आणि चौथ्यामधला बंध तुटून तीन-तीन कार्बनचे तुकडे पडतात. ट्रान्सअमिनेज म्हणजे पायरिडॉक्सल फॉस्फेटचं इमीन. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजमधलं थायमिन म्हणजे बेंझॉइन कंडेन्सेशनमधल्या सायनाइडच्या जागी बसलेला रेणू. हिरव्या रसायनाच्या प्रॅक्टिकलला सायनाइडऐवजी थायमिन वापरून बेंझॉइन करतात, तिथे हीच यंत्रणा आहे. फॅटी आम्लाचं बीटा ऑक्सिडेशन, टीसीए (क्रेब्ज) चक्रातले सक्सिनेट ते ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट, दोन्हीकडे क्रम एकच: दुहेरी बंध, पाणी, कीटोन.

ऊर्जेतही तसंच. मॅलेट ते ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचं प्रमाण (स्टँडर्ड) मुक्त ऊर्जा अंतर अधिक २९.७ किलोज्यूल प्रति मोल. तरी चक्र पुढे जातं, कारण सायट्रेट सिंथेज ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट उचलत राहतं. ३७ अंशांवर आरटी (वायू स्थिरांक गुणिले केल्विन तापमान) सुमारे २.५८; २९.७ ला त्याने भागून ११.५, आणि e चा उणे ११.५ घात घेतला की कळतं, उत्पादितं आणि अभिकारक यांचं गुणोत्तर साधारण एक लाखात एकच्या खाली राहिलं तरच अभिक्रिया पुढच्या दिशेने. हे गणित एकदा हाताने केलं की ‘प्रमाण’ आणि ‘पेशीतली’ ऊर्जा यांचा गोंधळ राहत नाही.

पाठांतर लागतंच ते एका जागी: वीस अमिनो आम्लं, रचना आणि पार्श्वशाखेच्या पीकेएसह. हिस्टिडिन ६.०, सिस्टीन ८.३, लायसिन १०.५, आर्जिनिन १२.५, टायरोसिन १०.१. एन्झाइमची यंत्रणा, आयसोइलेक्ट्रिक बिंदू, आयन एक्स्चेंजचा कॉलम, तिन्ही यावर उभे असतात.

गेट ही प्रवेश परीक्षा देणार असाल तर लाइफ सायन्सेसच्या पेपरमध्ये केमिस्ट्री सक्तीची, २५ गुणांची, आणि उरलेल्यांतून दोन विषय प्रत्येकी ३० गुणांचे. केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री पक्की असेल तर फक्त एक विषय नव्याने करावा लागतो.

नीलमोहोर
फारच उपयोगी. शेवटचा प्रयोग राहिला: अमोनियम सल्फेटने ३० ते ६० टक्क्यांचा भाग काढायचा आहे, ५० मिली अर्क. ६० टक्के म्हणजे १०० मिलीला ६० ग्रॅम नव्हे, एवढं कळलं. पुढे?

शेवंती
बरोबर, हे टक्के संपृक्ततेचे. २० अंशांवर १ लीटरला लागणारे ग्रॅम असे काढा: ५३३ गुणिले दोन टक्क्यांमधला फरक, भागिले (१०० वजा ०.३ गुणिले वरचे टक्के). शून्य ते ३० साठी १७६ ग्रॅम प्रति लीटर, म्हणजे तुमच्या ५० मिलीला ८.८ ग्रॅम. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरच्या द्रावाचं आकारमान पुन्हा मोजा, ते वाढलेलं असतं. समजा ५२ मिली: ३० ते ६० साठी १९५ ग्रॅम प्रति लीटर, म्हणजे १०.१ ग्रॅम. थंड खोलीत करत असाल तर ० अंशांचा वेगळा तक्ता वापरा, तिथे आकडे थोडे कमी असतात.

मीठ खलबत्त्यात बारीक करा, चिमटी-चिमटीने १५ ते २० मिनिटांत घाला, फेस येणार नाही असं हळू ढवळा. एकदम ओतलं तर जिथे पडतं तिथे संहती ९० टक्क्यांवर जाते आणि नको ती प्रोटीनंही खाली बसतात. अमोनियम सल्फेटने द्रावण आम्लधर्मी होतं, म्हणून अर्कात किमान ५० मिलीमोलर बफर हवं. पूर्ण घातल्यावर अर्धा तास थांबून मगच सेंट्रिफ्यूज, १०,००० जी, १५ मिनिटं. अवक्षेप कमीत कमी बफरमध्ये विरघळवा. डायलिसिसची नळी दोन तृतीयांशच भरा, आत पाणी शिरून ती फुगते.

नीलमोहोर
आणि मीठ पूर्ण गेलं हे कशावरून कळेल? लगेच लाउरी लावायची आहे.

गारगोटी
बाहेरच्या द्रावणातलं १ मिली घ्या, ५ टक्के बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाका. पण बाहेर फॉस्फेट बफर असेल तर बेरियम फॉस्फेटचाही पांढरा साका पडतो, आणि सल्फेट गेलेलं असूनही तुम्ही रात्रभर बफर बदलत बसाल. म्हणून आधी १ मिलीला २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.५ मिली घाला, मग बेरियम. आम्लात फॉस्फेट विरघळलेलं राहतं, सल्फेट गढूळ होतंच. बफर बदलल्यावर लगेच घेतलेला नमुना स्वच्छच येणार, त्याला अर्थ नाही. किमान चार तासांनी घ्या. दर वेळी नमुन्याच्या १०० पट बफर, ४ अंश, तीन बदल. साधारण तिसऱ्या बदलानंतर नळी स्वच्छ राहते.